तोताराम सरांचा रशिया

तोताराम सर कुणाच्याही घरी जेवायला बसले, की पहिला घास तोंडात घालण्याआधी जिनं रांधलं तिचं नाव घ्यायचे. नुसतं नाव नाही; नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट आणि राहणार कुठली त्यासकट, सातबाऱ्यावर असतं तसं. "सरस्वती शेषराव काकड, राहणार बीबी, यांच्या घरचं अन्न." मग घास.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्ष-दोन वर्षंच झाली होती. देऊळगाव राजात बायको नवऱ्याचं नाव घ्यायची ती उखाण्यात, आणि नवरा बायकोला 'अवो' म्हणून भागवायचा. मी अकोल्याहून हिंदीची शिक्षिका म्हणून तिथल्या हायस्कुलात रुजू झाले त्याच महिन्यात हेडमास्तरांकडे सत्यनारायण होता. भरल्या पंगतीत सरांनी हेडमास्तरीणबाईंचं नाव खणखणीत आवाजात घेतलं. वाढणारा वरणाचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिला आणि हेडमास्तरांचा चेहरा फुटलेल्या कढीसारखा झाला. सर मात्र मान खाली घालून जेवत होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलंच. तेव्हा कळलं की सर मूळचे उंद्रीचे. बाप लहानपणीच गेला. गावातल्या पाच घरांनी पाळीपाळीनं जेवू घालून या पोराला मॅट्रिक केलं. आई रोज संध्याकाळी त्या पाच बायांची नावं त्यांच्याकडून म्हणून घ्यायची, इतर घरांत परवचा म्हणतात तशी. "ज्यानं खाऊ घातलं त्याचं नाव लपवलं, तर ते चोरून खाल्ल्यासारखं होते बाई," सर म्हणाले.

मला तेव्हा ते फार आवडलं होतं. 

सर शेतकी विषय शिकवायचे. उंच, खांद्यात वाकलेले, कोटाच्या दोन्ही खिशांत सरकी आणि तुरीचे दाणे. रुमाल काढला की वर्गभर बी पेरलं जायचं. बोलायला लागले की थांबवणं मुश्कील. शाळेचा शिपाई म्हणायचा की तोताराम सरांच्या तासाला घंटा देऊन उपयोग नाही, घंटेलाच दम धरावा लागतो.

अशा माणसाची निवड झाली रशियाला जायला. मुंबईच्या कुठल्याशा मैत्री संघातर्फे शेतकरी आणि शेतकी शिक्षकांचं एक मंडळ तीन आठवडे तिकडे जाणार होतं आणि विदर्भातून एक जण हवा होता. सर बुलढाण्यापलीकडे फार तर नागपूर पाहिलेले. त्यांच्या पत्नी गंगूबाईंनी डबाभर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी बांधून दिली. सगळी शाळा मोटार स्टँडवर गेली होती.

परत आले ते रशिया घेऊनच आले. पुढची दोन वर्षं देऊळगाव राजात दुसरा विषय नव्हता. म्हाताऱ्या बाया डोक्याला रुमाल बांधून रस्त्यावरचा बर्फ झाडतात. जमिनीखालून रेल्वे जाते आणि तिच्यात बसलेलं प्रत्येक माणूस पुस्तक वाचतं, शेजाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. रस्त्यात कुणी हसत नाही. पहिले आठ दिवस सरांना वाटत होतं की साऱ्या शहरात मयत झाली आहे. पण तोच माणूस घरी बोलावतो तेव्हा कप रिकामा होऊ देत नाही, चहाबरोबर चमच्यानं मुरंबा खायला लावतो आणि निघायचं म्हटलं की रडकुंडीला येतो. पाव काळा आणि आंबट, "आपल्या शिळ्या भाकरीचा मावसभाऊ." कपाशीच्या शेतावर ट्रॅक्टर चालवणारी बाई होती, तिनं सरांचे हात हातात घेऊन घट्टे पाहिले आणि मग कुठं त्यांना शेतकरी म्हणून मानलं.

कौतुक करत तसं खटकलेलंही बोलत. दुकानात मालापेक्षा माणसं जास्त. काही विचारलं की सोबतची दुभाषी बाई उत्तर देण्याआधी आजूबाजूला बघते. यामुळे गावातले दोन्ही पक्ष त्यांच्यावर नाराज होते. लाल झेंड्याच्या वकिलांना रांगा ऐकायच्या नव्हत्या आणि अडतीवाल्या शेठना ट्रॅक्टरवरची बाई. सर म्हणायचे, मी डोळे नेले होते, चष्मा नाही.

दोन गोष्टी मात्र त्यांनी गावात रुजवायचा घाट घातला. एक, रांग. तिकडे म्हणे दुकानापाशी आलेला माणूस फक्त विचारतो, शेवटचा कोण? त्याच्यामागे आपला नंबर धरतो आणि खुशाल दुसऱ्या कामाला जाऊन येतो. त्याची जागा कुणी घेत नाही. सरांनी हे शाळेच्या नळावर सुरू केलं. तिसऱ्या दिवशी नळावर एकही पोरगं नव्हतं, सगळ्यांनी नंबर धरून मैदान गाठलं होतं आणि पाणी वाहत होतं.

दुसरी गोष्ट टिकली. तिकडे प्रवासाला निघताना घरातले सगळे, निघणारा आणि पोचवणारे, मिनिटभर गप्प बसतात. सामानावर, खाटेवर, मिळेल तिथं. कुणी बोलायचं नाही. मग उठायचं आणि निघायचं. सरांना हे इतकं पटलं की गंगूबाई माहेरी निघाल्या तरी ते त्यांना बोचक्यावर बसवायचे आणि घड्याळ धरायचे. त्यांच्यासारख्या बोलघेवड्या माणसाला ते एक मिनिट कसं जमायचं याचंच आम्हाला नवल वाटायचं.

ही रीत त्यांनी पाहिली ती एका म्हातारीच्या घरी. आणि इथून पुढे मला नाव न घेता लिहायचं आहे. म्हातारीचंही नाही, तिच्या मुलीचंही नाही. दोन्ही नावं मला पाठ आहेत.

मुलगी म्हणजे मंडळाची दुभाषी. मॉस्कोत हिंदी शिकलेली, तिशीची. सरांच्या हिंदीत निम्मं वऱ्हाड असायचं आणि ती ते गंभीरपणे दुरुस्त करायची. सर माळकरी, मांसमच्छी चालत नाही. दहा दिवस काळा पाव आणि काकडी खाऊन त्यांना चक्कर यायला लागली. एका रविवारी बाकीचं मंडळ नाटकाला गेलं. दुभाषीनं सरांची प्रकृती बरी नाही असं वर कळवलं आणि त्यांना रेल्वेनं तासाभरावरच्या गावी आपल्या आईकडे नेलं. लाकडाचं घर, दारात एक गाय. म्हातारीनं बटाटे उकडून वर घरचं लोणी घातलं, दूध दिलं, कोबी दिला. सरांनी दोघींचं नाव घेऊन घास उचलला. काय म्हटलं ते मुलीनं आईला समजावून सांगितलं, तेव्हा म्हातारीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग तिनं कोपऱ्यातला एक छोटा पडदा बाजूला केला. आत देव होते. काळपट लाकडावर रंगवलेली आई आणि मांडीवर मूल, समोर लहानसा दिवा. सरांनी हात जोडले. म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात दार वाजलं. शेजारी काही मागायला आला होता. म्हातारीनं झटकन पडदा ओढला आणि तो माणूस जाईपर्यंत पडद्याची कड मुठीत धरून उभी राहिली.

हे सांगताना सर दर वेळी हसून म्हणायचे, "पाहा बाई, सोवळं तिथंही आहे. परका माणूस आला की देवाले आड करतात. आपल्या बाया तेच करतात ना?"

मी मान डोलवली होती. शाळेतल्या सगळ्यांनी डोलवली होती. आमच्याकडे देवाला पडदा असतो तो शिवाशिवीपायी. दुसरं कारण असू शकतं हे आमच्या गावीही नव्हतं.

दुभाषीची पत्रं यायची. दोन-तीन महिन्यांतून एक, देवनागरीत, छापल्यासारखं अक्षर. आईची तब्येत, बर्फ, गाय व्याली. सर ती मला वाचायला द्यायचे, कारण उत्तरातलं हिंदी मी तपासायचे. तिच्या पत्रात 'आपकी गंगूबाई जी को मेरा प्रणाम' असायचं आणि गंगूबाई ते ऐकून पदर सावरायच्या, जणू ती दारात उभी आहे.

मग बीबीच्या बाजाराच्या दिवशी सरांचं व्याख्यान झालं. मीही गेले होते. शेवटी एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं, की मास्तर, त्या मुलखात देवच नाही म्हणतात, हे खरं काय? सरांनी कोपऱ्यातल्या देवाची गोष्ट सांगितली. सभा अशी गार झाली की बाजारातला बैलांचा घुंगरू ऐकू यावा. बुलढाण्याच्या एका साप्ताहिकाचे संपादक तिथं होते. त्यांनी लेख मागितला.

सरांनी लेख लिहिला आणि शेवटी त्यांच्या रीतीप्रमाणे अन्नदात्यांचं नाव घातलं. आईचं, मुलीचं, बापाचं नाव, आडनाव. घरी वाचून दाखवला तेव्हा गंगूबाई चुलीपाशी होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की बिचारी एकटी म्हातारी आहे, तिचं नाव कशाला गावभर करता? सर चिडले. नाव गाळलं तर तिचं लोणी आपण फुकट खाल्लं असं होईल, म्हणाले. मलाही सरांचंच पटलं.

सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. सुवाच्य प्रत मी केली. 'राहणार' या शब्दापुढे त्यांनी जागा कोरी सोडली होती. ते गावाचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं. मला कोरी जागा सहन होत नाही. वह्या तपासणारीचा दोष आहे तो. दुभाषीच्या एका पत्रात गावाचं नाव होतं. मी ते शोधून काढलं, उच्चार बरोबर आहे ना पाहिलं आणि वळणदार अक्षरात भरलं.

लेख छापून आला. पुढे मुंबईच्या त्या मैत्री संघानं त्याचं भाषांतर आपल्या पत्रिकेत घेतलं आणि तिथल्या चिटणीसांचं कार्ड आलं, की अंक मॉस्कोलाही पाठवला आहे. सरांनी गावच्या बालाजीला पेढे ठेवले आणि शाळेत वाटले. मीही दोन खाल्ले.

त्यानंतर पत्र आलं नाही.

तीन महिने गेले, सहा गेले. सर म्हणायचे, कामात असेल. मग म्हणायचे, आई आजारी असेल. मधल्या सुट्टीत पोस्टात चक्कर मारायला लागले. मी त्यांना चिडवायचेसुद्धा, की गंगूबाईंना सांगते म्हणून. इतकी मी मूर्ख होते.

त्या वर्षी सरकारनं ज्वारीची लेव्ही लावली होती. ठरलेला माल सरकारला घालायचा, जास्तीचा घरात सापडला तर जप्ती. सर बीबीला शेषराव काकडांचं पीक बघायला गेले होते. दुपारी तिथंच जेवायला बसले. सरस्वतीबाईंचं नाव घेतलं, पहिला घास उचलला आणि बाहेर कोतवालाचा आवाज आला, बरोबर तलाठी. शेषरावांच्या आईनं झटकन उठून कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्यांवर जुन्या लुगड्याचा पडदा ओढला आणि पडद्याची कड मुठीत धरून तिथंच उभी राहिली. तलाठी ओसरीवर पाणी पिऊन, बोलून निघून गेला. तरी तिची मूठ सुटेना. शेषरावांनी बोटं एकेक करून सोडवली.

सर ताटावरून उठले. जेवले नाहीत. संध्याकाळच्या मोटारीनं आले ते थेट माझ्या खोलीवर. दारातच उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, ते सोवळं नव्हतं," म्हणाले. "तोच हात होता. म्हातारी सरकारले भ्यायली होती. तिनं मले देव दाखवला अन् मी तिचं नाव छापून टाकलं."

मी म्हटलं, सर, असं काही नसेल, तिकडे एवढ्याशा गोष्टीचं कोण काय करणार. म्हणत असताना माझ्या डोळ्यांपुढे ती भरलेली कोरी जागा होती. मी ते बोलले नाही.

मग सरांनी पत्रामागून पत्रं लिहिली. त्यात लेखाचा उल्लेखही नाही. नुसतं खुशाली विचारणं, कपाशी, पाऊस. आणखी काही लिहून भर पडायला नको म्हणून प्रत्येक ओळ ते मला दोनदा वाचायला लावायचे. मुंबईच्या चिटणीसांना विचारलं तर उत्तर आलं, की त्या बाई आता दुभाषी विभागात नाहीत, बदली झाली असावी. कुठं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. काही महिन्यांनी सरांचं एक पाकीट परत आलं. वर निळा शिक्का, अक्षरं आम्हा दोघांनाही न वाचता येणारी. सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. मला हिंदी येतं, इंग्रजी येतं. त्या शिक्क्यापुढे मी अडाणी होते.

काय झालं असेल? कदाचित काहीच नाही. कदाचित नुसती बदली. म्हातारीचा तो कोपरा कुणी रिकामा केला का, मुलीला कुणापुढे उभं राहावं लागलं का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कळलं असतं तर सरांनी काहीतरी प्रायश्चित्त घेतलं असतं, उपास केले असते, रडले असते. न कळण्याला प्रायश्चित्त नव्हतं.

सर त्यानंतर रशियाबद्दल बोलले नाहीत. कुणी विचारलं तर, "लई थंडी," एवढंच. शेठजी मिटक्या मारत म्हणायचे, का मास्तर, उतरला का रंग? सर निघून जायचे. आणि जेवताना नाव घेणं बंद झालं. पंगतीत बसले की लोक सवयीनं त्यांच्याकडे बघायचे, काही जण हसायला तयार असायचे. सर पानाकडे बघत थोडा वेळ थांबायचे आणि मुकाट जेवायला लागायचे. गंगूबाई एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "वीस वरसं लोकायत माझं नाव घेतलं तवा लाज वाटे. आता घरात कोणी मेल्यावानी वाटते."

मी सगळं बघत होते आणि गप्प होते. एक वर्ष, दोन वर्षं, सात वर्षं. दर वेळी वाटायचं आज सांगावं, की गाव मी लिहिलं. नावं लाखो असतात, पत्ता मी दिला. आणि दर वेळी वाटायचं, त्यांचं ओझं आपण कशाला वाढवावं. ही सबब होती. मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

माझी बदली अकोल्याला झाली तेव्हा सर निवृत्त झालेले होते. निघायच्या सकाळी ते काठी टेकत खोलीवर आले. खोलीत एक ट्रंक, एक वळकटी आणि माझ्या पिशवीतला गूळ आणि भाजलेले दाणे, एवढंच उरलं होतं. मी एका कागदावर गूळ-दाणे काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते तळहातावर तसेच धरले, मला ट्रंकेवर बसायची खूण केली, स्वतः वळकटीवर बसले आणि दुसऱ्या हातानं खिशातलं घड्याळ काढलं.

त्या मिनिटात बोलायचं नसतं. मी बोलले.

"सर, गावाचं नाव मी भरलं. तुम्ही जागा कोरी ठेवली होती. मी तिच्या पत्रातून काढून लिहिलं."

सरांनी मान वर केली नाही. घड्याळाकडे बघत राहिले. मिनिट पुरं होईपर्यंत बघत राहिले. बाहेर टांगेवाला घोड्याशी काही बोलत होता.

"मले ठाऊक आहे," ते म्हणाले. "जागा मीच कोरी सोडली होती. छापून आलं तवा भरलेली होती. प्रत तुमच्या हातची, दुसरं कोण भरणार?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमी कोरी जागा भरली, मी तर अख्खं घर लिहून देल्लं. अन् तुमी उगंच कुढत बसल्या असत्या." त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. "तुमी तशाही कुढत होत्या म्हणा. दिसत होतं मले."

मी तोंडाला पदर लावला. सर तळहातावरच्या गूळ-दाण्यांकडे बघत थांबले, पंगतीत थांबायचे तसे. मला वाटलं आता मुकाट खातील. पण त्यांनी घसा साफ केला.

"कुसुम विठ्ठल सोनटक्के," ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, चिरकत होता. "राहणार देऊळगाव राजा. यांच्या घरचं अन्न."

मी अकोल्याची. बापाचं घर अकोल्याला, निघालेही होते अकोल्यालाच. पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

त्यांनी दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले. दात फारसे उरले नव्हते. मग टांगेवाल्याला हाक मारली, माझ्या ट्रंकेला हात लावायला गेले आणि मी नको म्हणाले. टांगा वळताना मागे पाहिलं, तर सर माझ्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते आणि कागदाला चिकटलेला गूळ नखानं काढत होते.